जबडा, एक नग

"काय हाय ह्यात?" कंडक्टरने पिशवीकडे बोट करत विचारलं.

"जबडा."

"कुणाचा?"

कराडच्या स्टँडवर पहाटे सहा वाजता, रात्रभर मुंबईहून बसून आलेल्या माणसाला या प्रश्नाचं उत्तर सुचत नाही. मी सरळ चेन उघडली. आत गुलाबी हिरड्यांमध्ये बसवलेले बत्तीस दात, एकेक दाढ पेरवाएवढी, आणि शेजारी हातभर लांबीचा निळा ब्रश. कंडक्टरने तंबाखूचा बार डाव्या गालातून उजव्या गालात नेला आणि म्हणाला, "झाका, झाका. लोकं बसल्यात." मला बाईमाणूस म्हणून अर्धं तिकीट लागलं. जबडा बाईचा की पुरुषाचा ते न ठरल्यामुळे तो फुकट गेला.

तेवढ्यात मागच्या सीटवरच्या मावशींनी खांद्यावर टिचकी मारली. वळले तर त्यांनी आधीच आ केलेला. "ही बघ गं, आतली. गार पाणी लागलं की मस्तकात जाती."

माझं समाजकार्य असं तिकीट निघायच्या आतच सुरू झालं.

मी डेंटल हायजिनिस्टचा दोन वर्षांचा डिप्लोमा करते. दातांवरचं कीटण काढायचं, हिरड्या सांभाळायच्या आणि लोकांना दात घासायला शिकवायचं. दात उपटायचा नाही, भरायचा नाही. कीटण काढायचं तेही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. हे नातेवाइकांना समजावताना माझ्या दातांच्या कण्या झाल्यात. आत्याने 'म्हणजे अर्धी डॉक्टर' असा भागाकार करून टाकला. काका म्हणाले, "म्हणजे दातांची धुणीभांडी." आई कुणी विचारलं तर "दातांचं करते ती" एवढंच सांगते. 'पोळ्यांचं करते' म्हणतात ना, तसं.

मी चिडून सांगते की 1948 च्या दंतवैद्यक कायद्यातच डॉक्टरांच्या बरोबरीने आमचीही वेगळी नोंदवही सांगितली होती. कुणावर काही परिणाम होत नाही. मग मी इतिहास काढते. अमेरिकेत कनेटिकटमधल्या ब्रिजपोर्ट गावी आल्फ्रेड फोन्स नावाचे दंतवैद्य होते. दात किडून आलेल्यांचे दात भरण्यापेक्षा ते किडूच नयेत असं काही करता येईल का, असा धंद्याला न परवडणारा विचार त्यांच्या डोक्यात आला. 1906 मध्ये त्यांनी आपल्या दवाखान्यात मदतनीस असलेल्या आयरीन न्यूमन या नात्यातल्या बाईंना दात स्वच्छ करायला शिकवलं. जगातल्या पहिल्या हायजिनिस्ट त्या. पुढे 1913 मध्ये फोन्सनी शाळा काढली आणि तिथून शिकून निघालेल्या बायकांना गावातल्या शाळांमध्ये पोरांचे दात बघायला पाठवलं.

आईने हे सगळं शांतपणे ऐकून विचारलं, "नात्यातली म्हणजे कोण?"

पुस्तकात नुसतं 'कझिन' लिहिलंय. चुलत, मावस, मामे की आते, काही पत्ता नाही. आईच्या दृष्टीने तिथेच तो इतिहास संपला. "नातं धड लिहिता येत नाही आणि म्हणे दात साफ करायला शिकवलं."

तर ब्रिजपोर्टच्या त्या बायकांचा आदर्श ठेवून मी संक्रांतीच्या सुट्टीत आजोळी जाऊन मौखिक आरोग्याचं शिक्षण द्यायचं ठरवलं. कुणी सांगितलं नव्हतं. कॉलेजच्या स्टोअरमधून मोठा जबडा मागितला. स्टोअरकीपर साहेबांनी रजिस्टरमध्ये 'जबडा, एक नग' असं लिहिलं, मग थांबून कंसात 'दात 32' लिहिलं आणि माझी सही घेतली. "दाढा सैल झाल्यात त्याच्या," ते म्हणाले. "मोजून नेताय, मोजून आणा."

माझं आजोळ कृष्णेच्या काठचं. जानेवारी म्हणजे ऐन गळिताचा हंगाम. रस्त्याने उसाच्या ट्रॉल्यांची रांग, त्यांच्यामागे कांडकं ओढायला धावणारी पोरं, हवेत गुऱ्हाळाचा वास. साखर कमी खा हे सांगायला महाराष्ट्रात याहून चुकीची जागा मला शोधूनही सापडली नसती. पहिल्या संध्याकाळी मामा मला कौतुकाने दूध डेअरीच्या कट्ट्यावर घेऊन गेला. तिथे मी सुरुवात केली, तर एका काकांनी मला मध्येच थांबवलं.

"लोकांनी साखर सोडली तर आमच्या उसाची एफआरपी कोण देणार? तुमचं कॉलेज?"

मी घाईघाईने सांगितलं की सोडा असं मी म्हणतच नाही. प्रश्न किती खाता यापेक्षा किती वेळा खाता याचा आहे. तोंडात गोड गेलं की दातावरचे जंतू त्याचं आम्ल करतात, आणि पुढचा अर्धा तास दाताचं वरचं कवच त्या आम्लात भिजत राहतं. म्हणून गोड खायचं ते जेवणाबरोबर, एकदाच. दिवसभर चघळत बसायचं नाही.

काकांनी विचार केला. "म्हणजे पाच पेढे पाच वेळा खाण्यापेक्षा एकदम पाच खाल्लेले बरे?"

"दातांपुरतं बोलायचं तर… हो."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या काकांच्या काकू मामीकडे तक्रार घेऊन आल्या. काकांना साखरेचा आजार, आणि मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी पेढे पाच-पाच सांगितल्यात म्हणून त्यांनी उठल्या उठल्या पाव किलोचा पुडा संपवला होता. आरोग्यशिक्षणाच्या पुस्तकात 'संदेश सोपा ठेवा' असं एक प्रकरण आहे. माझा जरा जास्तच सोपा झाला होता.

शाळा चौथीपर्यंतची, बैठी, मंगळुरी कौलांची. गुरुजींनी माझी ओळख "मुंबईच्या मोठ्या डॉक्टर" अशी करून दिली. मी हळूच दुरुस्ती केली, तर म्हणाले, "राहू द्या. पोरांना बारकावे नकोत."

"रोज दात कोण कोण घासतं?" मी विचारलं. सगळे हात वर.

"आणि रात्री झोपताना?" एकच हात वर राहिला. त्याला लघवीला जायचं होतं.

दोन मिनिटं घासायचे, हे सांगणं सोपं. पण दोन मिनिटं म्हणजे किती, हे आठ वर्षांच्या पोराला कसं कळावं? मी तयारी करून गेले होते. राष्ट्रगीत बावन्न सेकंदांचं असतं, ते मनात दोनदा म्हणायचं, म्हणजे जवळजवळ दोन मिनिटं झाली. मला ही युक्ती फार हुशारीची वाटत होती. मी मोठा ब्रश जबड्याला लावला, "म्हणा मनात" म्हटलं, आणि अख्खा वर्ग ताडकन सावधानमध्ये उभा राहिला. हात शरीराला चिकटलेले, माना ताठ. ब्रश कुणी धरायचा?

"राष्ट्रगीत चालू असताना हालचाल करायची नाही," गुरुजी गंभीरपणे म्हणाले. "नियम आहे." मग त्यांनीच तोडगा काढला. बेपासून दहापर्यंतचे पाढे म्हणायचे. "दात पण होतील, पाढे पण होतील." पोरांचे चेहरे बघितले आणि मला कळलं, या गावात दात घासण्याविषयी जी काही थोडीफार ओढ होती ती मी संपवली आहे.

पुढचा भाग मात्र मला खरंच सांगायचा होता. सहाव्या वर्षाच्या सुमाराला दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही, त्यामुळे ती आलेली कुणाला कळतच नाही. आईबाप समजतात दुधाचीच आहे, पडणारच आहे, आणि ती किडत राहते. खरं तर ती जन्माची सोबतीण. आमच्या अभ्यासक्रमात हे अर्ध्या पानात उरकलंय, पण टॉर्च घेऊन पोरांच्या तोंडात डोकावलं की ती काळी पडलेली दाढ भेटतच राहते. पोरगं सात वर्षांचं आणि दाढेत शेंगदाणा मावेल एवढा खड्डा. मी जबड्यातली ती दाढ बोटाने हलवून दाखवली. स्टोअरकीपर साहेब म्हणाले होते तशी ती खरंच सैल होती.

"दुधाचा दात पडला की तुम्ही काय करता?"

"शेणात घालून कौलावर टाकतो!" एकसुरात उत्तर आलं.

"मग नवा येतो. पण ही पडली तर परत येत नाही."

दुसऱ्या रांगेतल्या, पुढचे दोन दात नसलेल्या एका चिमुरड्याने हात वर केला. "कौलावर टाकली तरी?"

"तरी," मी म्हणाले, आणि पुढे गेले, कारण मला रंगाच्या गोळीकडे यायची घाई झाली होती.

ती गोळी हा आमच्या व्यवसायातला हुकमी पत्ता. चावायची, लाळेबरोबर तोंडभर फिरवायची, थुंकायची, चूळ भरायची. दातावर जिथे जिथे मळाचा चिकट थर राहिलाय तिथे तिथे गडद गुलाबी रंग चढतो. उपदेश करायची गरजच उरत नाही. पोरं आधी घाबरली, म्हणून मी ऐटीत म्हटलं, "हे बघा, आधी मीच खाते." चावली, फिरवली, मैदानात जाऊन चूळ भरली, आणि वर्गाकडे तोंड करून मोठ्ठं हसले.

वर्गात एक क्षण शांतता. मग पुढच्या बाकावरून आवाज आला, "म्याडमचंच समदं लाल झालंय!"

गुरुजींनी कपाटातला आरसा दिला. आधीची रात्र मामाच्या पोरांबरोबर गप्पांत, सकाळी उशिरा उठून आंघोळीच्या पाण्यासाठी नंबर, ब्रश कसाबसा समोरून फिरवलेला. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला, दाढांच्या मागे, हिरडीच्या कडेकडेने सगळा गुलाल. विसर्जन मिरवणूक निघाली होती तोंडात. पोरांमध्ये मात्र उत्साह संचारला. मॅडमपेक्षा आपले कमी लाल व्हावेत म्हणून प्रत्येकाला गोळी हवी झाली. बरेच जण जिंकलेही. गुरुजींनी गोळी घेतली नाही. त्यांचा तंबाखूचा बार नुकताच भरलेला होता. "ही दाढदुखीवर औषध म्हणून घेतो," ते मला म्हणाले. मी काही बोलायच्या परिस्थितीत नव्हते.

दुपारी घरी पोचले तर मामी म्हणाली, "पान खाल्लंस?"

संध्याकाळी मामीकडे हळदीकुंकू होतं. रथसप्तमीपर्यंत गावात रोज कुणा ना कुणाकडे असतंच, पण यंदा मामीने डोकं लढवून वाण म्हणून ब्रश आणवले होते. स्टीलच्या वाट्या आता कुणी घेत नाही म्हणाली. बायकांनी ब्रश अंगठ्याने दाबून बघितला.

"मऊ हाय की गं. ह्यानं काय निघणार?"

मी सांगितलं, मऊच हवा, कडक ब्रशने हिरडी खरवडते आणि दात झिजतो. पातेलं आणि दात यांत फरक आहे. त्यांना तो काही पटला नाही. पेस्ट वाटाण्याएवढीच घ्यायची, हे तर मुळीच नाही, कारण जाहिरातीत ती ब्रशभर लांब आणि शेवटी वळण काढून घेतात. "ते काय येडे हायत?" वेडे नाहीत, काकू, त्यांना पेस्ट विकायची असते. दात साफ करून घेतले की हलायला लागतात, वरची दाढ काढली की डोळा जातो, या दोन गोष्टींवर मी वीस मिनिटं बोलले आणि दोन्ही होत्या तिथेच राहिल्या.

मग शेजारच्या आक्कांनी दाढेतली कीड कशी काढतात ते सांगितलं. रिंगणीच्या बियांची धुरी तोंडात घ्यायची, की किडे टपाटपा खाली पडतात. त्यांचे स्वतःचे अकरा पडले होते. त्यांनी मोजले होते.

मी अभ्यासाच्या जोरावर उत्तर दिलं. आक्का, युरोपातसुद्धा लोक हेनबेन नावाच्या झाडाच्या बिया जाळून धुरी घ्यायचे आणि किडे पडले म्हणायचे. ते किडे नसायचे, उष्णतेने बी फुटून बाहेर आलेला बारीक अंकुर असायचा. 1728 मध्ये पॅरिसच्या पिएर फोशारने दातांवर अख्खा ग्रंथ लिहिला, त्यात स्पष्ट सांगितलं की आपण शोधले, पण आपल्याला असले किडे दिसले नाहीत.

आक्कांना त्या माणसाची दया आली. "चाळिशी लागली असंल त्याला," त्या म्हणाल्या.

आजी हे सगळं ओसरीवरून ऐकत होती. आजोबा गेल्यापासून ती हळदीकुंकवाच्या वेळी आत येत नाही, ओसरीवर पाय पसरून बसते आणि आतलं प्रत्येक वाक्य ऐकते. तिच्या मांडीवर मिसरीची डबी. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, ठसका घरभर जाऊ द्यायचा, चुरून डबीत भरायची, आणि मग दिवसातून चार वेळा, जेवणाइतक्याच नेमाने, उजव्या हाताच्या पहिल्या बोटाने लावत बसायचं. लहानपणी मला आजी म्हटलं की तोच वास आठवायचा.

"तू दोनदा म्हणतीस," ती म्हणाली. "मी चारदा लावते. आळशी कोण?"

"आजी, ती तंबाखू आहे."

"माझं सगळं दात हायत. तुझ्या मामाचं ब्रश करून सात गेलं."

यावर कॉलेजमध्ये काही शिकवलेलं नाही. मी टॉर्च आणला आणि म्हटलं, दाखव तर खरं. दात होते, सगळे काळे, मुळं उघडी पडलेली, पण होते. खालचा ओठ बोटाने बाहेर ओढला आणि आत, नेमकी जिथे मिसरी बसते तिथे, नखाएवढा पांढरा चट्टा दिसला. पुसून जाईना. माझं बोलणं एकदम थांबलं. मला निदान करायचा अधिकार नाही, पण पुस्तकातलं चित्र ओळखायला अधिकार लागत नाही.

"काय गं, कीड हाय?" आजीने विचारलं.

"उद्या कराडला जायचंय," मी म्हटलं.

कराडच्या डॉक्टरांनी नीट तपासलं. आज घाबरण्यासारखं नाही, म्हणाले, पण मिसरी बंद, आणि पंधरा दिवसांनी परत दाखवायला आणा, चट्टा राहिला तर तुकडा काढून तपासावा लागेल. आजी येताना बसमध्ये एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर तिने मामीला हाक मारली आणि म्हणाली, "मला पण दे गं तो ब्रश." इतक्या वर्षांत तिने घेतलेलं हे पहिलं वाण. तो ब्रश तिने दुसऱ्या दिवशी देवघरातल्या समईसाठी वापरला. त्याआधी मिसरीची डबी मामीच्या हातात दिली होती, म्हणून मीही समईचा विषय काढला नाही. डबी रात्री परत मागितली. पंधरा दिवस ती रोज देत राहिली आणि रोज मागत राहिली, असं मामी फोनवर सांगते. चट्टा फिकट झालाय, म्हणते. वाण दिलेल्या बाकीच्या ब्रशांपैकी एक शिलाई मशीनला आणि एक केसांच्या डायला लागला, हेही तिनेच सांगितलं.

निघायच्या दिवशी जबडा पिशवीत भरताना मोजला. एकतीस. खालची उजवीकडची सहा वर्षांची दाढ नव्हती. हिरडीला नुसतं भोक. मामाने कुत्र्यावर संशय घेतला, मामीने मामाच्या पोरांना उलटं करून झटकलं, गुरुजींनी दप्तरं तपासली. पेरवाएवढी दाढ लपवणार कुठे, म्हणून मी उसाच्या ट्रॉलीतसुद्धा बघून आले. शेवटी एकतीस दात घेऊन मुंबईला आले.

स्टोअरकीपर साहेबांनी जबडा टेबलावर ठेवला. पेन्सिलीचं टोक लावून एकेक दात मोजला. पुन्हा मोजला. मग रजिस्टर उघडून 'परत : जबडा, एक नग (दात 31)' असं लिहिलं, शेऱ्याच्या रकान्यात पेन टेकवून माझ्याकडे बघत बसले आणि तेवढ्यात माझा फोन वाजला. गुरुजी होते.

"दाढ सापडली," ते म्हणाले. "पन्हळीजवळ, कौलावर. शेणाचा एवढा मोठा गोळा कुणी वर टाकला म्हणून शिपाई चढला, तर आत ही."

मला दुसरी रांग आठवली. पुढचे दोन दात नसलेला तो.

"रागावू नका त्याला," मी म्हटलं.

"रागावलो नाही. पण तो रोज माझा पिच्छा पुरवतोय. मुंबईत जबड्याला नवी आली का, विचारा म्हणतो. हा काय, इथंच उभा आहे. काय सांगू?"

मी स्टोअरकीपर साहेबांकडे बघितलं. त्यांनी त्या भोकात पेन्सिल घालून बघितली.

"अजून नाही म्हणावं," मी म्हणाले.